घडाला शेकोटी, हाताला गारठा
लेखमाला : कामाच्या जागी – लेखांक ९

मागच्या आठवड्यात कचेऱ्यांमधल्या एसीवरून होणाऱ्या भांडणांबद्दल लिहिलं होतं. त्यावर वणीच्या एका बागायतदार मित्राचा फोन आला. "तुमचं ते अठरा की चोवीस चालू द्या. आमच्याकडं आठ-नऊ अंशात माणसं कामाला उभी राहतात. तिथला रिमोट कुणाकडं असतो, ते लिहा की एकदा." टोमणा बरोबर होता. म्हणून या वेळचा लेखांक वणीचा.

वणी म्हणजे दिंडोरी तालुक्यातलं, सप्तशृंगीच्या गडाच्या वाटेवरचं गाव. भाविकांना ते चैत्रात आणि कोजागरीला आठवतं. पण ऑक्टोबरची गोडी छाटणी झाली की पुढचे पाच-सहा महिने हा सगळा परिसर द्राक्षाचा असतो. फेलफूट म्हणजे नको असलेले फुटवे काढायचे, शेंडे मारायचे, थिनिंग म्हणजे मण्यांची विरळणी, डिपिंग म्हणजे घड संजीवकाच्या द्रावणात बुडवणं, आणि जानेवारीपासून काढणी. या कामाला लागणारे हात बहुतेक सुरगाणा, पेठ, कळवणच्या बाजूचे. काही टोळ्या हंगामभर मळ्यातच राहतात, काही रोज पहाटे पिकअपमध्ये उभ्याने येतात.

थंडीचा पहिला तडाखा बागेत बसत नाही, तो या पिकअपमध्येच बसतो. हवा १० अंशांची असेल आणि गाडी ताशी ४० किलोमीटरने चालली असेल, तर उघड्या कातडीला ती थंडी ६ अंशांसारखी लागते. वारा अंगाभोवतीचा उबदार हवेचा पातळ थर उडवून नेतो, एवढंच कारण. बाया साडीवर नवऱ्याचा जुना फुलशर्ट घालतात आणि डोक्याला रुमाल असा गुंडाळतात की फक्त डोळे दिसावेत. पोशाख अगदी शास्त्रशुद्ध आहे. एका जाड स्वेटरपेक्षा पातळ कपड्यांचे दोन-तीन थर जास्त ऊब धरतात. उघडे राहतात ते हात आणि चपलांतली पावलं.

बागेत शिरल्यावर दव असतं. थिनिंगचं काम डोक्याच्या वर चालतं. मांडवाखाली उभं राहायचं, दोन्ही हात वर करायचे आणि घडातले नको असलेले मणी बारीक कात्रीने काढायचे. पानावरचं दव बोटांवर येतं, बोटांवरून मनगटावर, मनगटावरून बाहीत आणि बाहीतून थेट काखेपर्यंत. मी पाऊण तास हे करून पाहिलं. आठ वाजता उजवी बाजू कमरेपर्यंत गार झाली होती आणि कात्री नेमकी कुठे लागते आहे हे बोटांना कळेनासं झालं होतं. बोटांच्या कातडीचं तापमान १५ अंशांच्या खाली उतरलं की बोटांची चपळाई कमी होत जाते. शरीर ऊब पोटाकडे आणि छातीकडे ओढून घेतं, हातापायांचा रक्तपुरवठा आवळतं. मग कात्री मण्याऐवजी बोटाला लागते, नाहीतर चांगल्या मण्याला. बोटाचं राहू द्या, मण्याचं नुकसान मालकाला नक्की कळतं.

म्हणजे थंडीचा हिशेब या तालुक्याला येत नाही असं नाही. तो इतका येतो की थक्क व्हावं. नाशिकला ७ जानेवारी १९४५ रोजी ०.६ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. आजही डिसेंबर उजाडला की निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या संशोधन केंद्राचा पारा किती उतरला, हे इथला प्रत्येक बागायतदार चहाच्या आधी विचारतो. पारा घसरला की मण्यांची फुगवण थांबते, मण्यांना तडे जातात, हे त्याला पाठ असतं. मग रात्रभर जागून बांधावर शेकोट्या पेटतात. ओला पालापाचोळा टाकून धूर केला जातो. पहाटे ड्रिप सोडलं जातं, कारण विहिरीचं पाणी हवेपेक्षा उबदार असतं. घडाला काय सोसत नाही ते अंशागणिक माहीत आहे. घड हाताळणारा हात किती अंशांत बधिर होतो, हे मात्र कुणी विचारत नाही. माझी तक्रार एवढीच.

उपाय सोपा दिसतो: दव उतरल्यावर काम सुरू करा. मी हे तिथल्या एका मावशींना म्हटलं. त्या हसल्या. "नऊला सुरू केलं तं चार वाजता सुटंल. मंग घरी कधी जायाचं, चूल कधी पेटवायची?" काम बहुतेक उक्तं असतं. जेवढी लवकर सुरुवात, तेवढी लवकर सुटका, आणि कधी कधी दुसऱ्या बागेत अर्धा रोज जास्तीचा. तेव्हा नुसती वेळ पुढे ढकलून भागत नाही. दव असेपर्यंत मांडवाखालचं हात वर करायचं काम न देता कोरडं काम द्यायचं, थिनिंग दव उतरल्यावर. मित्राने हे या हंगामात करून पाहिलं आहे. सकाळचा दीड तास काड्या गोळा करणं, सुतळ्या कापून ठेवणं, क्रेट धुऊन वाळवणं अशी कामं. क्रेट धुण्याचं काम कोरडं कसं, असं मी विचारलं. तो जरा ओशाळला. आता क्रेट दुपारी धुतात.

आता सर्दीकडे येऊ. थंडीने सर्दी होते का? आजी म्हणते हो, डॉक्टर म्हणतात ती विषाणूने होते. इंग्लंडात सॅलिसबरी इथे १९४६ पासून चार दशकांहून जास्त काळ सर्दीवर संशोधन करणारं एक केंद्र चाललं. तिथे स्वयंसेवकांना आंघोळीनंतर ओल्या अंगाने वाऱ्याच्या बोळात उभं करून पाहिलं, ओले मोजे घालायला लावले. नुसत्या गारठ्याने त्यांना जास्त सर्दी झाली नाही. बाजी डॉक्टरांची. पण २००५ साली कार्डिफ विद्यापीठात १८० जणांवर एक प्रयोग झाला. ९० जणांनी २० मिनिटं पाय गार पाण्यात ठेवले, उरलेल्यांनी रिकाम्या भांड्यात. पुढच्या चार-पाच दिवसांत पाय गार केलेल्यांपैकी जास्त जणांना सर्दीची लक्षणं दिसली. संशोधकांचा तर्क असा की विषाणू आधीच नाकात दबा धरून असावा. पाय गारठले की नाकातल्या रक्तवाहिन्याही आवळतात, पहारा ढिला पडतो आणि विषाणूला संधी मिळते. आजीला अर्धे गुण द्यायला हरकत नाही. आणि बाहीतून काखेत जाणारं दव मग नुसती गैरसोय राहत नाही.

विषाणू पसरतो कुठे, हे पाहिलं तर बाग त्यातल्या त्यात सुरक्षित. उघडी हवा, दोन ओळींत अंतर. धोका आहे तो पिकअपमध्ये, राहायच्या खोलीत आणि पाण्याच्या ड्रमपाशी. वारा लागू नये म्हणून काही पिकअपवर ताडपत्री चारी बाजूंनी ओढून घेतात आणि आत पंचवीस माणसं एकमेकांच्या श्वासात उभी राहतात. पुढची आणि बाजूची ताडपत्री घट्ट ठेवून मागची उघडी ठेवली तर वाराही अडतो आणि हवाही खेळते. पाण्याच्या बाबतीत आपली जुनी रीत चांगली: तांब्या तोंडाला न लावता वरून पाणी पिणं. शहरात ती मागासलेली वाटू लागली होती. कोरोनात तिची किंमत कळली, आणि पुन्हा आपण विसरलो. बागेत अजून बायका वरूनच पितात. पण तोच तांब्या ड्रममध्ये बोटांसकट बुडवला जातो. ड्रमला तोटी लावली की प्रश्न मिटतो. बिडी मात्र अजून या ओठातून त्या ओठात जाते, त्यावर माझ्याकडे तोटी नाही.

फ्लू झालेला माणूस लक्षणं दिसायच्या एक दिवस आधीपासून पुढे पाच ते सात दिवस दुसऱ्याला आजार देऊ शकतो. आपल्याकडे फ्लूची मोठी लाट पावसाळ्यात येते आणि दुसरी जानेवारी ते मार्चमध्ये, म्हणजे नेमकी काढणीत. शहरी सल्ला असतो, "बरं नसेल तर घरी राहा, सहकाऱ्यांचा विचार करा." पगारी रजा असणाऱ्याने तो जरूर पाळावा. तापात खोकत कामावर येणं ही निष्ठा नव्हे. पण रोजंदारीवरच्या बाईला हा सल्ला देणं म्हणजे तिचा दिवसाचा रोज मागून घेणं आहे. टोळीने उचल घेतलेली असते, एक हात कमी झाला की बाकीच्यांवर भार पडतो. ती येते आणि तोंडाला पदर लावून खोकते. तिच्या परीने ती विचारच करते आहे. इथे सौजन्य दाखवायची पाळी ज्याच्या हातात रोज आहे त्याची. तापाच्या दिवसाचा अर्धा रोज द्यावा. तेही जमत नसेल तर निदान कडेची वेगळी ओळ द्यावी आणि परत जाताना तिला गाडीत मागच्या उघड्या बाजूला न बसवता पुढे ड्रायव्हरशेजारी, काच थोडी खाली करून बसवावं. खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला असेल तर मात्र सर्दी म्हणून सोडू नये. सरकारी रुग्णालयात थुंकीची क्षयरोगासाठी तपासणी फुकट होते, आणि वणीत ग्रामीण रुग्णालय आहे. टोळीच्या मुकादमाने एकदा सोबत नेलं तरी पुरे.

आणखी एक गोष्ट पुरुषांच्या लक्षात येत नाही. थंडीत लघवी जास्त होते. कातडीकडचं रक्त आत वळलं की मूत्रपिंडांना वाटतं पाणी जास्त झालं. बागेत आडोसा नाही. म्हणून बाया सकाळपासून पाणीच पीत नाहीत. तहान थंडीत तशीही कमी लागते. मग लघवीची जळजळ, डोकेदुखी, दुपारी चक्कर. युरोपात माल पाठवणाऱ्या बागांना प्रमाणपत्रासाठी मजुरांकरता संडास आणि हात धुण्याची सोय दाखवावी लागते. ती तपासणीच्या दिवशी असते. काही ठिकाणी रोज असते, हेही सांगितलं पाहिजे.

पॅकहाऊसचा हिवाळा वेगळा, तो मार्चमध्येही असतो. बागेतून आलेला माल आधी प्रीकूलिंगमध्ये चार अंशांच्या आसपास आणतात, मग शून्याच्या जवळपासच्या खोलीत ठेवतात. बाहेर दुपारचं ऊन, आत हिवाळा, आणि दिवसातून वीस वेळा आत-बाहेर. जाकिटं असतात, पण माणसांपेक्षा कमी. "पाचच मिनिटं तर जायचंय" म्हणून माणूस तसाच आत शिरतो. बायका सिमेंटच्या ओल्या फरशीवर उभ्या राहून पनेट, म्हणजे द्राक्षांचे छोटे डबे, भरतात. त्यांच्या डोक्यावर टोपी, तोंडाला मास्क, हातात मोजे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला बरं वाटलं. मग कळलं, हा सगळा सरंजाम द्राक्षाला माणसापासून वाचवायला आहे.

तिथल्या खोकल्याचं एक कारण सर्दी नसून ग्रेप गार्ड आहे. पेटीत द्राक्षावर ठेवतात तो कागद. त्यात सोडियम मेटाबायसल्फाइट असतं. ओल लागली की त्यातून सल्फर डायऑक्साइड सुटतो आणि घडावर बुरशी धरत नाही. माणसाच्या घशाला आणि डोळ्यांना मात्र तो झोंबतो, दमेकऱ्याची छाती आवळतो. साधा कापडी मास्क हा वायू अडवत नाही. तेव्हा गार्डची पाकिटं गरजेपुरतीच उघडायची, ओल्या हाताने हाताळायची नाहीत, दमा असलेल्या बाईला त्या टेबलावर न बसवता वजनकाट्यावर बसवायचं. बसवायचं म्हणजे खरोखर बसवायचं, स्टुलावर. उभ्याने काम करणाऱ्यांना बसायची सोय असावी आणि ओले कपडे वाळवायला जागा असावी, याचा विचार १९४८च्या कारखाने कायद्याने केला होता. कायदा करणाऱ्यांना ओल्या बाह्या माहीत असाव्यात.

शेवटी रात्र. मळ्यातली खोली, पत्र्याचं छप्पर, दाराच्या फटीतून वारा. मग शेकोटीतले निखारे शेगडीत भरून आत घेतात, दार लावतात, फटीला गोधडी लावतात. हे जीवघेणं आहे. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. तो रक्तात प्राणवायूची जागा बळकावतो. डोकं जड होतं, मळमळतं, झोप येते, आणि ती झोप मोडत नाही. सकाळी खोलीतल्या सगळ्यांचं एकदम डोकं दुखत असेल, तर त्याला थंडीचं दुखणं समजू नका. दार उघडा, सगळ्यांना बाहेर उघड्यावर आणा आणि दवाखाना गाठा. शेकायचं ते अंगणात, निजायच्या आधी. निखारे बाहेर विझवून मगच दार लावायचं.

वणी, दिंडोरी, निफाडच्या बागायतदारांना एक विनंती आहे. यंदा तडे जाऊ नयेत म्हणून शेकोटीसाठी लाकडं आणाल, तेव्हा मजुरांच्या खोलीसाठी चार जास्तीच्या गोधड्या, पाण्याच्या ड्रमला एक तोटी आणि टोळीला सुती हातमोज्यांचे दोन-दोन जोड आणा. एक ओला झाला की दुसरा घालता येतो. पुढच्या आठवड्यात पिंपळगाव बसवंतच्या बाजारात पहाटे टोमॅटोचे क्रेट उचलणाऱ्या हमालांच्या पाठीबद्दल.