संपणारा खेळ आणि न संपणारा खेळ



गेल्या दिवाळीच्या सुटींत माझा दहा वर्षांचा नातू मोबाइलवर खेळत बसला होता. पानें वाढलीं होतीं, म्हणून मीं त्यास म्हटलें, "एवढा खेळ संपव आणि जेवावयास चल." त्यावर तो अगदीं सरळपणें म्हणाला, "आजोबा, हा खेळ संपत नाहीं." मला प्रथम हसूं आलें, पण मागाहून विचार करतां, व्हिडिओ गेमच्या सध्यांच्या व्यापाराचें सारें मर्म त्या चार शब्दांत आलें आहे असें वाटूं लागलें.

हे खेळ मी स्वतः खेळतों. शाळेंतून निवृत्त झाल्यावर हा नाद लागला, आणि तो लागल्याचा मला पश्चात्ताप नाहीं. चांगली कादंबरी वाचून होतो तसा आनंद एखाद्या चांगल्या खेळानेंहि होतो, हा माझा अनुभव आहे. तेव्हां आजचें माझें बोलणें हें खेळांच्या वैऱ्याचें बोलणें नव्हे. मला एवढेंच दाखवावयाचें आहे कीं, खेळाचे पैसे ज्या रीतीनें घेतले जातात, त्या रीतीवर खेळाची घडण अवलंबून असते. ही रीत ओळखतां आली म्हणजे कोणता खेळ घरांत आणावा हें ठरविणें सोपें जातें.

प्रथम थोडा पूर्वेतिहास पाहूं. १९७८ सालीं जपानांतील टायटो कंपनीनें 'स्पेस इन्व्हेडर्स' नांवाचा खेळ काढला. तो सार्वजनिक जागीं ठेविलेल्या पेटीवर खेळावयाचा असे. फटींत नाणें टाकलें कीं डाव सुरू होई. शत्रूंच्या रांगा वरून खालीं सरकत येत, आणि त्यांची संख्या जों जों घटे तों तों त्यांचा वेग वाढे. खेळणारा कितीहि कुशल असो, केव्हां तरी तो हरावयाचाच. कारण तो हरल्यावांचून दुसरें नाणें पेटींत पडावयाचें नाहीं. अवघडपणा हाच येथें धंद्याचा आधार होता.

पुढें १९८३ सालीं निन्टेन्डो कंपनीनें घरच्या टेलिव्हिजनला जोडण्याचें 'फॅमिकॉम' यंत्र जपानांत विकावयास आणिलें, आणि १९८५ सालीं त्यावर 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा प्रसिद्ध खेळ निघाला. आतां गिऱ्हाईक एकदांच पुरी किंमत देऊन खेळ घरीं नेऊं लागलें. पैसे आधींच हातीं आल्यामुळें गिऱ्हाइकास क्षणोक्षणीं हरविण्यांत लाभ उरला नाहीं. उलट, त्याचें समाधान झालें तरच तो पुढचा खेळ घेणार. म्हणून हळूहळू खेळांत कथा आली, संगीत आलें, आणि आरंभ, मध्य व शेवट अशी रचना आली. नाटक संपल्यावर प्रेक्षक ज्या तृप्तीनें घरीं जातो, ती तृप्ति खेळणाऱ्यास मिळूं लागली.

तिसरी रीत इंटरनेटबरोबर आली. २००६ सालीं 'ऑब्लिव्हियन' नांवाच्या खेळांत घोड्याला घालण्याचें चिलखत अडीच डॉलरला निराळें विकावयास ठेवण्यांत आलें. खेळणाऱ्यांनीं त्याची यथेच्छ टवाळी केली. व्यापाऱ्यांनीं मात्र त्यांतून धडा घेतला, कीं विकलेल्या खेळाच्या आंतहि दुकान मांडतां येतें. २०१७ सालीं एपिक कंपनीनें 'फोर्टनाइट' हा खेळ फुकट खुला केला आणि आंत पोशाख व नाच विकावयास ठेविले. जत्रेंत शिरावयास तिकीट नाहीं, पण आंत पावलोपावलीं दुकानें, असा हा प्रकार झाला.

ह्या दुकानांची मांडणी समजून घेण्यासारखी आहे. खऱ्या पैशांचीं आधीं खेळांतील नाणीं करावीं लागतात. त्यामुळें रुपये खर्च होत आहेत ही जाणीव बोथट होते. नाणीं बहुधा अशा संख्येनें विकतात कीं, वस्तु घेतल्यावर थोडीं शिल्लक राहावीं आणि तीं वाया जाऊं नयेत म्हणून आणखी घ्यावीं लागावींत. रोज हजेरी लावणाऱ्यास बक्षीस असतें. एक दिवस चुकला तर तें बुडतें. कांहीं वस्तु ठराविक मुदतीपर्यंतच मिळतात. कित्येक खेळांत बंद पेटी विकत घ्यावयाची असते, आणि आंत काय निघेल तें नशिबावर असतें. असा खेळ संपला तर दुकानहि बंद पडावयाचें. म्हणूनच तो संपत नाहीं. माझ्या नातवाचें म्हणणें अक्षरशः खरें होतें.

ह्या प्रकारांची दखल कायद्यानेंहि घेतली आहे. २०१७ सालीं 'स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २' ह्या खेळांतील पेट्यांवरून एवढा गदारोळ झाला कीं, प्रकाशनाच्या आदल्या दिवशीं कंपनीस आंतली विक्री थांबवावी लागली. २०१८ सालीं बेल्जियमच्या जुगार-नियामक मंडळानें अशा विकाऊ पेट्या म्हणजे जुगारच असें ठरविलें. २०२२ सालीं एपिक कंपनीनें अमेरिकेंत ५२ कोटि डॉलर देण्याचें मान्य केलें. मुलांची खाजगी माहिती जमविणें आणि नकळत खरेदी करावयास लावणें, असे दोन आरोप तिच्यावर होते. आपल्या देशांत २०२५ सालीं पैसे लावून पैसे जिंकण्याच्या ऑनलाइन खेळांना बंदी करणारा कायदा झाला. परंतु मुलगा पैसे जिंकण्याच्या आशेनें नव्हे, तर केवळ पोशाखासाठीं किंवा तलवारीसाठीं पैसे घालीत असेल, तर त्याकडे घरच्यांनींच लक्ष दिलें पाहिजे.

आतां दुसरी एक गोष्ट पाहूं. विकत घेतलेली वस्तु आपली असते, असा आपला समज आहे. 'द क्रू' हा मोटारींच्या शर्यतीचा खेळ यूबीसॉफ्ट कंपनीनें २०१४ सालीं किंमत घेऊन विकला. तो चालण्यास कंपनीच्या दूरच्या यंत्रांशीं जोडणी अवश्य होती. २०२४ च्या मार्चअखेर कंपनीनें तीं यंत्रें बंद केलीं, आणि ज्यांनीं खेळ विकत घेतला होता त्यांनाहि तो एकट्यानें देखील खेळतां येईना. पुस्तकविक्यानें दहा वर्षांनीं येऊन आपल्या कपाटांतील पुस्तक उचलून न्यावें, त्यांतलाच हा प्रकार. ह्यांतून एक चळवळ उभी राहिली. विकलेला खेळ पुढेंहि चालेल अशी तजवीज कंपन्यांनीं करावी, एवढीच तिची मागणी आहे. युरोपांतील तिच्या अर्जावरील सह्यांनीं २०२५ च्या जुलैंत दहा लाखांचा आंकडा ओलांडला. कॅलिफोर्निया संस्थानांत तर १ जानेवारी २०२५ पासून असा कायदा आहे कीं, जो खेळ कंपनी पुढें परत काढून घेऊं शकते, तो विकतांना गिऱ्हाइकास केवळ परवाना मिळत आहे हें स्पष्ट सांगितलें पाहिजे.

येथें कोणी विचारील, "मग बुद्धिबळ तरी कोठें संपतें? पिढ्यान् पिढ्या लोक तेंच खेळत आहेत." आक्षेप योग्य आहे. परंतु बुद्धिबळाचा प्रत्येक डाव संपतो. पट आपल्या घरचा असतो, आणि फडताळांत ठेविला तर तो आपल्याला हांका मारीत नाहीं. शिवाय न संपणाऱ्या खेळांतहि गुण आहेत, हें मी नाकारीत नाहीं. ज्याच्या घरीं पांच-सहा हजारांचा खेळ येणें शक्य नाहीं, अशा मुलालाहि तेथें प्रवेश मिळतो, आणि दूरगांवीं गेलेले मित्र एकत्र खेळूं शकतात. दोष आहे तो त्याला उठूं न देण्याच्या युक्तीचा.

व्यापाऱ्यांनाहि ही वाट दिसते तितकी सोपी नाहीं. सोनी कंपनीनें 'कॉन्कॉर्ड' हा असाच न संपणाऱ्या जातीचा खेळ २३ ऑगस्ट २०२४ रोजीं बाजारांत आणिला आणि ६ सप्टेंबरला बंद करून सर्वांचे पैसे परत केले. अवघ्या दोन आठवड्यांत हा निकाल लागला! माणसाचा दिवस चोवीस तासांचाच. एका न संपणाऱ्या खेळांत जो गुंतला, तो दुसऱ्यास वेळ कोठून देणार? हातचें सोडून पळत्याच्या पाठीं लागण्याचा हा परिणाम होय.

ह्याच काळांत संपणाऱ्या खेळांनीं काय केलें तें पाहा. बेल्जियममधील लॅरियन मंडळीचा 'बाल्डर्स गेट ३' २०२३ सालीं, आणि फ्रान्सांतील मॉन्पेलिए येथील एका लहानशा मंडळीचा 'क्लेअर ऑब्स्क्युर: एक्स्पिडिशन ३३' हा २०२५ सालीं, गेम ॲवॉर्ड्सच्या समारंभांत त्या त्या वर्षाचा सर्वोत्कृष्ट खेळ ठरला. दोहोंतहि कथा आहे, शेवट आहे, आणि एकदां किंमत दिल्यावर आंत पावलोपावलीं दुकान नाहीं. आपल्या पुण्यांतील नॉडिंग हेड्स मंडळीनें २०२० सालीं 'राजी' हा खेळ काढला. राक्षसांनीं पळविलेल्या भावाच्या शोधांत निघालेल्या मुलीची ती कथा. त्यांतील छायाबाहुल्यांचे प्रसंग, कोंकणांत पिंगुळीचा चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ ज्यांनीं पाहिला असेल त्यांना ओळखीचे वाटतील.

खेळावरील वयाची खूण अवश्य पाहावी, पण तेवढ्यावर विसंबूं नये. 'बलाट्रो' हा २०२४ सालचा पत्त्यांचा सुंदर खेळ एका माणसानें रचला. त्यांत एक पैहि लावावयाची नसते; तरी पत्त्यांच्या चित्रांमुळें युरोपांतील मंडळानें त्यावर '१८' अशी खूण मारली, आणि दाद मागितल्यावर २०२५ सालीं ती '१२' केली. उलट, बंद पाकिटें विकणाऱ्या फुटबॉलच्या एका खेळावर '३' ही खूण होती!

म्हणून नवा खेळ घेतांना आईबापांनीं तीन प्रश्न विचारावे. किंमत एकदांच द्यावयाची कीं वारंवार? इंटरनेट तुटलें तर खेळ चालेल काय? आणि ह्या खेळाला शेवट आहे काय? तिन्ही उत्तरें अनुकूल मिळालीं तर मुलाशेजारीं बसून आपणहि एखादा डाव खेळून पाहावा.

मीं तेंच केलें. उन्हाळ्याच्या सुटींत नातवाबरोबर मीं एक लहानसा कथारूप खेळ खेळलों. शेवटचा प्रसंग झाला आणि पडद्यावर कर्त्यांचीं नांवें सरकूं लागलीं. पोर कांहीं वेळ गप्प बसलें. मग त्यानें आपल्या हातानें यंत्र बंद केलें, आणि कोणी हांक मारण्यापूर्वीं तें जेवावयास येऊन बसलें.