राणीचं शिंगरू

नाशिकला पंचवटीत माझी मावसबहीण राहते. तिच्याकडे वरातीची घोडी आहे. पांढरीशुभ्र, नाव राणी, वय चौदा. ताई सकाळी आधी तिला चंदी देते, मग स्वतःचा चहा टाकते. गेल्या दिवाळीत ती म्हणाली, "अगं, राणी थकत चाललीय. तिचं एक शिंगरू झालं ना, तर ती डोळ्यांपुढेच राहील." भाऊजी काही बोलले नाहीत. त्यांच्या डोक्यात हिशेब चालला होता.

घोडीचे दिवस साधारण 11 महिन्यांचे. चैत्रात नर दाखवला, तर वेत फाल्गुनात. शेवटचे तीन-चार महिने तिला वरातीत न्यायचं नाही, पुढे शिंगरू अंगावर पितंय तोवरही नाही. म्हणजे तुळशीच्या लग्नानंतरचा अख्खा सीझन बुडाला! शिंगरू तीनेक वर्षांचं होईपर्यंत त्याच्या पाठीवर कुणी बसायचं नाही. आणि नर निघाला तर? नवरदेवाला तर घोडीच लागते.

पैशाचं एकवेळ सोडा. राणीच्या जिवाचं काय? ती पहिलटकरीण, तीही चौदाव्या वर्षी. या वयात गर्भ राहणं अवघड, टिकणं त्याहून अवघड. जुळं असलं तर बहुतेक वेळा दोन्ही जातात, म्हणून डॉक्टर सुरुवातीलाच सोनोग्राफी करायला सांगतात. घोडी विते बहुधा रात्री, आणि सगळं फार झटपट असतं. पाणी फुटल्यावर अर्ध्या तासात शिंगरू बाहेर यायला हवं. अडलं, तर डॉक्टर येईपर्यंत वेळ गेलेली असते. शिंगरानं तासाभरात उभं राहावं, दोन तासांत चीक प्यावा, तीन तासांत वार पडावी. वार अडकली तर विष अंगात भिनतं, खुरं सुजतात, घोडी कायमची लंगडी होऊ शकते. हे ऐकून माझ्याच पोटात गोळा आला.

ताई मात्र चिडली. "भीती घालून कुणी आई व्हायचं थांबवतं का?"

"आई राणीला व्हायचंय, की तिची आठवण तुला हवीय?" मी विचारून बसले. दोन दिवस अबोला! जरा जास्तच बोलले मी, पण खोटं नव्हतं. बँडच्या दणदणाटात राणी शांत उभी राहते, ते वर्षानुवर्षांच्या सवयीनं. ते शिंगराला उपजत येईलच असं नाही.

शेवटी यंदा दसऱ्याला दोघं येवल्याच्या घोडेबाजारात गेली. नाहीच जमलं तर दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा होतीच. पण येवल्यालाच एक पाच वर्षांची तांबूस घोडी ताईला आवडली. घरी आणली तर राणीनं चार दिवस तिला जवळ येऊ दिलं नाही, कान मागे टाकून चावायला धावायची. परवा फोनवर ताई सांगत होती, "आता दोघी एकाच घमेल्यात तोंड घालतात गं. पण खरारा आधी राणीलाच!"