पातळी कमी करू नकोस!

पावसाळ्यात आम्हा कसबा बावडेकरांना 'पातळी' म्हटले की एकच गोष्ट आठवते : राजाराम बंधारा. पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीला टेकली का, ४३ फुटांच्या धोका पातळीला अजून किती अवकाश आहे, याचीच चर्चा चहाच्या गाडीवर चालते. २०१९ चा महापूर पाहिलेल्या माणसाच्या छातीत या शब्दाने आजही धडधडते. त्यामुळे गेल्या जुलैत, पावसाने शाळेला सुट्टी मिळालेली असताना, अकरा वर्षांच्या नातवाने "आजोबा, पातळी किती ठेवू?" असे विचारले, तेव्हा मी आधी खिडकीबाहेर पाहिले. तो मात्र संगणकाच्या पडद्याकडे पाहत होता. प्रश्न पाण्याचा नव्हता, खेळाचा होता. मी ऐटीत म्हणालो, "सात ठेव!"

खेळ होता चेकर्स. बुद्धिबळाचाच पट, पण ६४ घरांपैकी फक्त ३२ काळ्या घरांवर चालणारा. दोघांकडे बारा-बारा सोंगट्या. तिरके, एकेक घर पुढे सरकायचे. समोर शत्रूची सोंगटी आणि तिच्यामागचे घर रिकामे असेल, तर तिच्यावरून उडी मारून ती खायची. पलीकडच्या शेवटच्या रांगेत पोचलेली सोंगटी राजा होते आणि तिला मागेही फिरता येते. लहानपणी आम्ही देवळाच्या फरशीवर कोळशाने पट आखून वाघ-बकरी खेळायचो. त्यातला वाघही असाच उडी मारून बकरी खाई. म्हटले, हा तर आपल्या ओळखीतला खेळ! पहिला डाव मी पाच-सात मिनिटांत हरलो. दुसरा त्याहून लवकर.

कारण एक नियम मला उमगलाच नव्हता. या खेळात खाता येत असेल, तर खावेच लागते. संगणक माझ्यापुढे मुद्दाम एक सोंगटी टाकी. मी ती खाल्ली की तो माझ्या दोन उचली. 'मला नको ती' असे म्हणण्याची सोयच नाही. "तसं नसतंय आजोबा, खायलाच लागतंय," असे नातू समजावून सांगे. फुकटचे पचत नाही, हे मी जन्मभर लोकांना सांगत आलो. मला ते या पटाने शिकवले.

आमच्याकडच्या तालमीत वस्ताद डाव समजावून सांगतो, चुकले तर पाठीत धपाटा घालतो आणि एक डाव स्वतःसाठी राखून ठेवतो म्हणतात. हा पडद्यावरचा वस्ताद काही राखत नव्हता आणि काही सांगतही नव्हता. तो फक्त पाडायचा. कशाने पडलो, ते आपले आपण शोधायचे. माझी सारी नोकरी खतावण्या लिहिण्यात गेली. जुनी डायरी काढली आणि हरलेला प्रत्येक डाव टिपायला सुरुवात केली. महिन्याभरात माझे दोष कागदावर उतरले. मागची रांग मी लवकर सोडतो, मग शत्रूला राजा करून घ्यायला वाट मोकळी होते. घाबरलो की कडेला पळतो. कडेची सोंगटी कुणाला खाता येत नाही खरी. पण तिला पुढे जायला वाटही एकच उरते.

डायरी पाहून मुलगा म्हणाला, "संगणकही असाच शिकला." आयबीएममधील आर्थर सॅम्युएल यांनी १९५० च्या दशकात चेकर्स खेळणारा प्रोग्रॅम तयार केला. तो स्वतःशीच डाव खेळे आणि अनुभवावरून कोणत्या गोष्टीला किती वजन द्यायचे, हे बदलत जाई. 'मशीन लर्निंग' हा आज सर्वतोमुखी झालेला शब्द सॅम्युएल यांच्या १९५९ च्या लेखातून रूढ झाला. मला धीर आला.

आणि ऑगस्टमध्ये मी जिंकू लागलो! सलग चार डाव. मी पेढे आणले, कट्ट्यावर सांगून आलो. घरातून टोमणाही मिळाला, "एवढा आनंद पेन्शन मंजूर झाली तेव्हाही नव्हता." मग एका दुपारी, नातू शाळेत असताना, मी एकट्यानेच खेळ सुरू केला. पडद्याच्या कोपऱ्यात पातळीचा आकडा होता : दोन.

पोराचा हेतू वाईट नव्हता. आजोबा रोज हरतात, हे त्याला बघवले नसेल. पण मला माझे वडील आठवले. उतारवयात घरच्या उसाचा हिशेब तेच लिहीत. बेरजा चुकू लागल्या, तेव्हा रात्री ते झोपल्यावर मी त्या गुपचूप दुरुस्त करी. एके दिवशी त्यांनी वही माझ्या हातात दिली आणि पुन्हा कधी मागितली नाही. त्यांना कळले होते, हे मला कळायला इतकी वर्षे लागली. म्हाताऱ्या माणसांशी वाद घालायचे घर सोडून देते, 'हो हो, बरोबर आहे' म्हणू लागते. प्रेमाने, काळजीने, पण पातळी कमी होते ती होतेच.

त्याच सुमारास मॅरियन टिन्सली यांची हकीकत वाचनात आली. हे अमेरिकेतले गणिताचे प्राध्यापक चेकर्सचे जगज्जेते होते. चाळीसहून अधिक वर्षांत हरलेले त्यांचे डाव हाताच्या बोटांवर मोजावेत. कॅनडात जोनाथन शेफर आणि सहकाऱ्यांनी तयार केलेल्या 'चिनूक' या प्रोग्रॅमला जगज्जेतेपदासाठी खेळू द्यायला संघटना राजी नव्हत्या, तेव्हा टिन्सली यांनी त्याच्याशी खेळता यावे म्हणून आपले पदच सोडले! मग मानव विरुद्ध यंत्र अशी स्वतंत्र स्पर्धा ठरली. १९९२ साली लंडनमध्ये ते जिंकले : चार डाव त्यांचे, दोन चिनूकचे, ३३ बरोबरीत. १९९४ साली बोस्टनमध्ये सहाही डाव बरोबरीत सुटल्यावर आजारपणामुळे त्यांना माघार घ्यावी लागली. पुढच्याच वर्षी ते कर्करोगाने गेले. साठी उलटलेल्या या माणसाला सोपा प्रतिस्पर्धी नको होता.

संध्याकाळी मी नातवाला जवळ बसवले. तो रडवेला झाला. मी म्हटले, "बाळा, मला हरव, पण पातळी कमी करू नकोस." त्याने आकडा पुन्हा सातवर नेला. मी पुन्हा हरू लागलो.

शेफर यांच्या चमूने २००७ साली सिद्ध केले, की दोन्ही बाजूंनी एकही चूक झाली नाही तर चेकर्सचा डाव बरोबरीतच सुटतो. म्हणजे बिनचूक यंत्रापुढे माणसाला बरोबरीहून अधिक काही मिळणारच नाही. निकाली कुस्तीची सवय असलेल्या कोल्हापूरकराला हे जरा जडच. पण दिवाळीनंतर, डायरीतल्या १४३ व्या डावात, पटावर दोन्हीकडे एकेक राजा उरला आणि सातव्या पातळीवरची माझी कुस्ती बरोबरीत सुटली. या वेळी पेढे नातवाने आणले.

आता आम्ही दोघे संगणक बंद करून खेळतो. बुद्धिबळाचा जुना पट, माझ्या कोटाच्या काळ्या गुंड्या, त्याच्या सदऱ्याच्या पांढऱ्या. एकावर एक ठेवली की झाला राजा. काल त्याने मला सरळ तीन डाव हरवले, जराही दया न दाखवता. मी डायरी उघडली आणि चष्मा पुसला.