पोत्यावरचे वजन आणि आतला माल

आमच्या पुतणीच्या लग्नात धाकट्या भावाने हौसेने नवा कॅमेरा आणला. त्यात घालायचे मेमरी कार्ड मात्र बाजारात रस्त्यावरच्या एका विक्रेत्याकडून घेतले. वर २५६ जीबी छापलेले आणि किंमत निम्म्याहून कमी! हळदीचे फोटो छान आले. पण मंगलाष्टकांपासून पुढचा एकही फोटो उघडेना. आमच्या थोरल्या आत्याबाई नवरीला जवळ घेऊन बसल्या होत्या, तो फोटोही गेला. पुढे चार महिन्यांनी आत्याबाई गेल्या. आता तो फोटो कोठून आणायचा?

पुढे उलगडा झाला तो असा. खताच्या पोत्यावर ५० किलो छापावे आणि आत दहाच किलो भरावे, तसा हा प्रकार. कार्डात खरी जागा थोडीच असते, पण कॅमेऱ्याला ते मोठा आकडा खोटाच सांगते. खरी जागा संपली की पुढचे फोटो वाया जातात आणि कॅमेरा तक्रारही करीत नाही. म्हणून कार्ड पक्की पावती देणाऱ्या दुकानातूनच घ्यावे. घरी आणताच ते संगणकाला जोडून काठोकाठ भरावे आणि भरलेले सारे पुन्हा उघडते का ते पाहावे. हे काम करणारा ‘एचटूटेस्टडब्ल्यू’ नावाचा मोफत प्रोग्रॅम मिळतो. कार्यापूर्वी आठवडाभर तरी ही पारख व्हावी.

आता वेगाचे पाहू. कॅमेऱ्याच्या पोटात एक लहानसा हौद असतो. फोटो आधी त्यात पडतात आणि तेथून कार्डात जातात. कार्ड म्हणजे हौदातून निघणारा पाट. पाट अरुंद असला, तर भराभर फोटो काढताना हौद तुंबतो आणि कॅमेरा अडतो. शर्यतीचे बैल तोवर पुढे निघून जातात!

कार्डावर मोठ्या अक्षरात छापलेला वेग बहुधा वाचण्याचा असतो. आपल्याला हवा असतो लिहिण्याचा. त्यासाठी बारीक खुणा पाहाव्यात. इंग्रजी ‘सी’ अक्षरात १० असेल, तर सेकंदाला किमान १० एमबी लिहिण्याची हमी असते. ‘यू’ अक्षरात १ असला तरी तेवढीच हमी, ३ असला तर ३० एमबीची. ‘व्ही ३०’ म्हणजेही ३०, ‘व्ही ६०’ म्हणजे ६०. साध्या फोटोंना दहाची खूण पुरते. फोर-के व्हिडिओ घ्यायचा असेल, तर ‘व्ही ३०’ घ्यावे.

कॅमेरा जुना असेल, तर त्याची माहितीपुस्तिका आधी वाचावी. एसडी कार्ड २ जीबीपर्यंत, एसडीएचसी ३२ जीबीपर्यंत आणि त्याहून मोठे ते एसडीएक्ससी. जुन्या कॅमेऱ्याला मोठे कार्ड चालेलच असे नाही. एक फोटो १० एमबीचा धरला, तर ६४ जीबीत सहा हजारांच्या आसपास फोटो मावतात. म्हणून एका मोठ्या कार्डापेक्षा दोन मध्यम कार्डे बरी. सारे बियाणे एकाच वाफ्यात टाकू नये.

एवढे पथ्यही पाळा :

• नवे कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करावे. त्याने आतले सारे पुसले जाते, म्हणून जुने फोटो आधी उतरवून घ्यावेत.

• कॅमेऱ्याचा दिवा लुकलुकत असताना कार्ड काढू नये.

• चुकून फोटो पुसले गेले, तर त्या कार्डावर नवे काही घेऊ नये. जाणकाराकडे नेल्यास ते परत मिळण्याची आशा असते.

• कार्य उरकताच फोटो दोन वेगळ्या ठिकाणी उतरवून ठेवावेत.

वाचकहो, बियाणे घेताना आपण पिशवीवरची खूण पाहतो आणि पावती जपून ठेवतो. दुबार पेरणी तरी करता येते. लग्नघटका पुन्हा येत नाही. मग कार्डाच्या बाबतीतच घाई कशाला?