मूळ दप्तर आणि त्याचा उतारा

शेताचा सातबारा आपल्यापैकी अनेकांनी केव्हा ना केव्हा काढला असेल. पूर्वी त्यासाठी तलाठ्याकडे खेपा घालाव्या लागत. आता तो संगणकावरही मिळतो. पण रीत तीच. मूळ दप्तर जागचे हलत नाही, आपल्या हाती पडतो तो उतारा, आणि पुढचे सारे व्यवहार त्या उताऱ्यावरच चालतात. आता समजा, मूळ दप्तरातच एक अक्षर चुकीचे पडले आहे. मग उतारा कितीही इमानाने काढा, चूक त्यात उतरणारच! आपल्या शरीरातल्या पेशींचा कारभारही असाच चालतो. तो कसा, हे आज आपण रक्ताच्या उदाहरणावरून पाहू.

रक्ताला लाल रंग देणारे आणि फुप्फुसातला प्राणवायू अंगभर पोहोचवणारे द्रव्य म्हणजे हिमोग्लोबिन. हे एक प्रथिन आहे. प्रथिन म्हणजे काय? तर अमिनो आम्ले नावाच्या मण्यांची माळ. मण्यांचे मुख्य प्रकार अवघे २०. पण कोणता मणी कोणत्या क्रमाने ओवला, यावर त्या प्रथिनाचा आकार आणि काम ठरते. हिमोग्लोबिनात अशा ४ माळा असतात, दोन आल्फा आणि दोन बीटा. बीटा माळेत १४६ मणी असतात.

हा क्रम लिहिलेला असतो डीएनएमध्ये. हेच ते मूळ दप्तर. ते पेशीच्या केंद्रकात जपून ठेवलेले असते. त्याची भाषा ए, टी, जी आणि सी या चारच अक्षरांची. पण मजकूर केवढा! माणसाच्या एका संचात सुमारे ३०० कोटी अक्षरे! माळा ओवण्याचे काम मात्र केंद्रकाबाहेर चालते. मग दप्तरातला मजकूर तिथे पोहोचायचा कसा?

इथे आरएनए कामाला येतो. हव्या त्या प्रथिनापुरता मजकूर डीएनएवरून आरएनएमध्ये उतरवला जातो. आरएनएच्या भाषेत टी या अक्षराऐवजी यू येते, एवढाच लिपीतला फरक. उतरवलेल्या मजकुरातला नको असलेला भाग कापून टाकला जातो आणि तयार उतारा केंद्रकाबाहेर पडतो. याला मेसेंजर आरएनए म्हणतात. आपण त्याला निरोप्या म्हणू या.

बाहेर रायबोसोम नावाचे ओवणारे यंत्र वाट पाहत असते. ते निरोप्याचा मजकूर तीन-तीन अक्षरांनी वाचते. प्रत्येक तीन अक्षरांचा शब्द म्हणजे एका मण्याचे नाव. पण यंत्राला मणी आणून कोण देणार? त्यासाठी दुसऱ्या जातीचा आरएनए असतो, ट्रान्सफर आरएनए. हा पेशीतला हमाल म्हणा ना! त्याच्या एका टोकाला ठरावीक मणी बांधलेला असतो आणि दुसरीकडे निरोप्यावरच्या शब्दाशी जुळणारी तीन अक्षरे. अक्षरे जुळली की मणी माळेत ओवला जातो आणि हमाल मोकळा होऊन निघून जातो. थांबण्याचा शब्द आला की माळ सुटी होते. गंमत म्हणजे, हे ओवणारे यंत्रही बहुतांशी आरएनएचेच बनलेले आहे.

आता तुम्ही म्हणाल, कोणत्या शब्दाचा कोणता मणी, हे कळले कसे? १९६१ साली अमेरिकेत मार्शल निरेनबर्ग आणि हाइनरिख मथाई यांनी नुसत्या यू अक्षरांचा आरएनए घेतला आणि तो जंतूंच्या पेशींच्या अर्कात टाकला. माळ तयार झाली ती फेनिलअ‍ॅलनीन या एकाच मण्याची. म्हणजे यूयूयू या शब्दाचा अर्थ लागला! पुढे अविभक्त पंजाबात जन्मलेले डॉ. हरगोविंद खोराना यांनी ठरावीक क्रमाचे आरएनए स्वतः बनवून आणखी कित्येक शब्द उलगडले. असे एकूण ६४ शब्द आहेत. ६१ मण्यांचे आणि ३ थांबण्याचे. खोराना, निरेनबर्ग आणि रॉबर्ट हॉली यांना १९६८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

उताऱ्यावर किती भागते, हे आपल्या तांबड्या पेशींवरून कळते. हाडांच्या मगजात तयार होताना ही पेशी आपले केंद्रकच बाहेर टाकून देते. दप्तर गेले! तरीही आधी काढून ठेवलेल्या उताऱ्यांवरून ती आणखी एक-दोन दिवस हिमोग्लोबिन बनवीत राहते.

आता त्या चुकीच्या अक्षराकडे वळू. बीटा माळेत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाचा मणी हवा. निरोप्यावर त्याचा शब्द असतो जीएजी. काही माणसांच्या डीएनएमध्ये इथे एक अक्षर बदललेले असते. मग निरोप्यावर जीयूजी उमटते आणि व्हॅलीनचा मणी ओवला जातो. निरोप्या चुकला नाही, हमाल चुकला नाही, यंत्रही चुकले नाही, चूक दप्तरातली. या एका मण्यामुळे प्राणवायू सोडल्यावर हिमोग्लोबिनचे कण एकमेकांना चिकटून त्यांचे ताठ धागे बनतात आणि पेशी विळ्यासारखी वाकडी होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, असह्य कळा येतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ही १०-२० दिवसांतच फुटते, म्हणून रक्त कमी पडते. हाच सिकलसेलचा आजार. आपल्याकडे विदर्भात आणि नंदुरबार भागात, विशेषतः आदिवासी समाजांत, तो बराच आढळतो.

हा आजार संसर्गाने होत नाही; रोग्याच्या ताटात जेवल्याने किंवा शेजारी बसल्याने तो लागत नाही. प्रत्येकाला दप्तराच्या दोन प्रती मिळतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. एकाच प्रतीत चूक असेल तर माणूस सहसा धडधाकट असतो. त्याला वाहक म्हणतात. आईवडील दोघेही वाहक असले, तर दर खेपेला मूल आजारी निपजण्याची शक्यता चारांत एक असते.

म्हणून ज्या भागांत हा आजार आहे, तिथल्या मुलामुलींनी लग्नाआधी रक्त तपासून घ्यावे. वाहक असणे हा दोष नव्हे, लपवण्याची बाबही नव्हे. आजार असलाच, तर हायड्रॉक्सियुरियासारख्या औषधाने डॉक्टरांच्या देखरेखीखाली पुष्कळांचा त्रास कमी होतो. जनुकांत फेरबदल करणाऱ्या उपचाराला २०२३ साली ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळाली. तो अजून फार महाग आहे. रक्ताची साधी तपासणी मात्र आपल्या आवाक्यातली आहे. जमीन घेताना आपण उतारा तपासतोच ना? मग संसार मांडताना हाही एक उतारा पाहून घ्यायला काय हरकत आहे?