‘अलाऊ’ दिलं, ते परत कसं घ्यायचं?

ब्राउझरची उठाठेव : लेखांक ७

मागच्या आठवड्यात कुकीजचं प्रकरण संपवलं. आता बिघडलेला ब्राउझर ताळ्यावर आणण्याकडे वळू. बिघाडाची लक्षणं बहुतेकांच्या ओळखीची आहेत. स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात खालून दर थोड्या वेळाने पाटी उगवते, ‘तुमच्या संगणकात पाच व्हायरस सापडले’. काही शोधायला जावं तर गूगलऐवजी भलत्याच नावाचं पान उघडतं. ब्राउझर सुरू केला की समोर येणारं पहिलं पान आपण ठेवलेलं नसतं. दुरुस्तीच्या दुकानात नेलं तर सल्ला ठरलेला असतो : ‘फॉरमॅट मारून घ्या.’ एवढ्यासाठी फॉरमॅट मारायची बहुतेक वेळा काहीही गरज नसते.

आजच्या क्रोम, फायरफॉक्स किंवा एजमध्ये एखादं संकेतस्थळ नुसतं उघडल्याने तुमच्या सेटिंग्जना हात लावू शकत नाही. ब्राउझरमधल्या न बुजलेल्या भगदाडातून घुसणारे हल्ले असतात, पण ती भगदाडं दुर्मीळ आणि महाग. कुणाचं होमपेज बदलण्यासाठी ती कोणी खर्ची घालत नाही. त्यापेक्षा स्वस्त मार्ग आहे. बदल तुमच्याच हातून करवून घ्यायचा. कुठे तरी ‘अलाऊ’ दाबलं जातं, कुठे ‘अ‍ॅड एक्स्टेन्शन’, कुठे नुसतं ‘नेक्स्ट, नेक्स्ट’. त्या होकाराची नोंद कुठल्या ना कुठल्या खात्यावर पडलेली असते. दुरुस्ती म्हणजे ती नोंद शोधायची आणि खोडायची. ती कुठे आहे हे न बघता सरसकट रीसेट मारणं म्हणजे गच्ची गळत असताना भिंतींना रंग काढणं.

पूर्वी होकाराचीही गरज नसे. मायक्रोसॉफ्टने १९९७ साली इंटरनेट एक्स्प्लोरर ४ मध्ये एक सोय आणली. बाहेरच्या कोणालाही एक छोटा प्रोग्राम लिहून ब्राउझरला चिकटवता येई आणि ब्राउझर उघडताच तोही जागा होई. चांगल्या कामांसाठी आणलेली ही सोय टूलबारवाल्यांनी बळकावली. गंमत म्हणजे असे कोणते प्रोग्राम चिकटले आहेत ते बघायला आणि बंद करायला ब्राउझरमध्ये साधी खिडकीही नव्हती. ती ऑगस्ट २००४ मध्ये विंडोज एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ बरोबर आली. मधल्या काळात, २००३ च्या सुमारास, ‘कूलवेबसर्च’ नावाच्या उपद्रवाने लोकांना हैराण केलं. होमपेज दुरुस्त करावं, संगणक पुन्हा सुरू करावा, की ते परत हजर.

त्यावर उतारा काढला तो नेदरलँड्समधल्या मेरीन बेलेकोम या विद्यार्थ्याने. कूलवेबसर्च काढणारा एक प्रोग्राम त्याने लिहिलाच, पण त्याचा दुसरा प्रोग्राम ‘हायजॅकधिस’ मला जास्त महत्त्वाचा वाटतो. तो काय चांगलं, काय वाईट हे सांगत नसे. विंडोज आणि ब्राउझरमध्ये ज्या ज्या जागी अशी ढवळाढवळ होऊ शकते, त्या सगळ्या जागा तपासून तिथे या घडीला काय लिहिलेलं आहे त्याची लांबलचक यादी तो समोर ठेवी. ती यादी जाणकाराला दाखवायची आणि तो सांगेल त्या ओळींवर टिक करून खोडायच्या. पद्धत किचकट होती, पण विचार पक्का होता : आधी जागा माहीत करून घ्या.

एवढी मारामारी कशासाठी, असा प्रश्न पडेल. उत्तर पैशात आहे. तुम्ही शोधखिडकीत शब्द टाकता, निकालांसोबत जाहिराती येतात, त्यांवर क्लिक झालं की पैसा मिळतो. म्हणून तुमचा शोध कोणाच्या दारातून जातो याला बाजारभाव आहे. अ‍ॅपलच्या सफारी ब्राउझरमध्ये गूगल हेच ठरलेलं सर्च इंजिन राहावं म्हणून गूगलने अ‍ॅपलला एकट्या २०२२ सालात सुमारे २० अब्ज डॉलर दिले, हे अमेरिकेतल्या मक्तेदारीच्या खटल्यात उघड झालं. हा या बाजाराचा राजरोस मजला. त्याखाली टूलबारवाले. जावा अपडेट करताना ‘आस्क’ टूलबारची चौकट आधीच टिक केलेली असे आणि ती न काढता पुढे गेलेल्यांच्या ब्राउझरवर ती पट्टी कायमची बसे. ओरॅकलसारखी बडी कंपनी हे वर्षानुवर्षं करत होती. आणि तळमजल्यावर ते, जे तुमचं सर्च गुपचूप बदलतात. मजले वेगळे असले तरी धंदा तोच आहे.

आता आजच्या जागा. पहिली आणि सगळ्यात गजबजलेली : नोटिफिकेशन.

क्रोममध्ये २०१५ पासून संकेतस्थळांना, त्यांचं पान बंद असतानाही, तुम्हाला सूचना पाठवता येते. नवी मेल आली, मोठी बातमी आली, यासाठी ही सोय. पण फुकट सामना किंवा चोरून टाकलेला सिनेमा दाखवणाऱ्या पानांवर तिचा वापर वेगळाच होतो. व्हिडिओ जागचा हलत नाही आणि वर लिहिलेलं असतं, ‘तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाऊ दाबा’. खरा कॅप्चा ब्राउझरची परवानगी कधीच मागत नाही, हे लक्षात ठेवलं तरी पुष्कळ. एकदा अलाऊ दाबलं की पान बंद करून उपयोग नाही. त्या संकेतस्थळाचा एक छोटा सेवक ब्राउझरमध्ये मुक्कामाला आलेला असतो. मग ‘व्हायरस सापडला’, ‘तुम्ही फोन जिंकलात’ अशा पाट्यांचा पाऊस सुरू होतो. अँटीव्हायरस चालवला तर काहीच सापडत नाही, कारण सापडण्यासारखं काही नसतंच. तुमच्या नावावर एक परवानगी आहे, एवढंच.

पाटी नीट बघा. बारीक अक्षरात तिच्यावर संकेतस्थळाचा पत्ता असतो आणि बहुधा ब्राउझरचं नावही. खऱ्या अँटीव्हायरसचा इशारा क्रोमच्या नावाने येत नाही. मग क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, तिथून साइट सेटिंग्ज, तिथून नोटिफिकेशन्स असं जा. ज्यांना परवानगी दिली त्यांची यादी दिसेल. अनेकांना ती पाहून घाम फुटतो; कधी ऐकलीही नसतील अशी नावं तिथे रांगेत असतात. प्रत्येकापुढच्या तीन ठिपक्यांत दोन पर्याय कामाचे आहेत, ‘रिमूव्ह’ आणि ‘ब्लॉक’. रिमूव्ह केलं तर परवानगी जाते, पण ते संकेतस्थळ पुन्हा विचारू शकतं. ब्लॉक केलं तर विचारण्याचीही सोय उरत नाही. अनोळखी नावांना ब्लॉकच करावं. त्याच पानावर सगळ्यांनाच विचारायची बंदी करता येते. माझ्या मते बहुतेकांनी ती करून टाकावी. मोझिलाने २०१९ मध्ये तपासलं तेव्हा फायरफॉक्समधल्या अशा विनंत्यांपैकी सुमारे ९९ टक्के विनंत्यांना लोक होकार देतच नव्हते. म्हणून जानेवारी २०२० पासून त्यांनी ती चौकट आपोआप समोर येणं बंद केलं. महिन्याभरात क्रोमनेही तिचा आवाज कमी करण्याची सोय केली.

अँड्रॉइड फोनवर काम आणखी सोपं. पाटी आली की तिच्यावर बोट दाबून धरा, तिथल्या तिथे ती बंद करण्याचा पर्याय येतो. आयफोनवर हा उपद्रव कमी, कारण तिथे आधी ते संकेतस्थळ होम स्क्रीनवर टाकल्याशिवाय त्याला सूचना पाठवता येत नाहीत. मात्र फोनवर ब्राउझर बंद असताना पूर्ण पडदाभर जाहिराती येत असतील, तर ब्राउझरला दोष देऊ नका. ते एखाद्या अ‍ॅपचं काम असतं. नुकतंच टाकलेलं टॉर्च, क्लीनर किंवा वॉलपेपर आठवून बघा.

दुसरी जागा एक्स्टेन्शनची. शोध भलतीकडे जात असेल तर पहिला संशय इथेच घ्यावा. अडचण अशी की एक्स्टेन्शन घेतलं तेव्हा भलं असू शकतं आणि नंतर बिघडू शकतं. ‘द ग्रेट सस्पेंडर’ हे क्रोममधल्या उघड्या टॅबना झोपवून मेमरी वाचवणारं एक्स्टेन्शन लाखो लोक वापरत. मूळ लेखकाने २०२० मध्ये ते दुसऱ्याच्या हवाली केलं आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने ते घातक ठरवून सगळ्यांकडचं बंद केलं. वापरणाऱ्यांनी मधल्या काळात काहीही केलेलं नव्हतं, फक्त मालक बदलला होता. तेव्हा ज्याचं काम आठवत नाही ते एक्स्टेन्शन काढून टाका. एकाच खात्याने दोन संगणकांवर सिंक चालू असेल तर दुसरीकडेही बघा.

होमपेज आणि सर्च इंजिन या जागा सर्वांना माहीत असतात, त्यांवर शब्द खर्च करत नाही. एक सुटणारी फट तेवढी सांगतो. डेस्कटॉपवरच्या क्रोमच्या आयकॉनवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा आणि ‘टार्गेट’ची ओळ शेवटपर्यंत वाचा. तिच्या शेपटाला एखाद्या संकेतस्थळाचा पत्ता जोडलेला असेल तर सेटिंग्ज कितीही बदला, तेच पान उघडत राहणार. शेपूट छाटा.

आता रीसेट. फायरफॉक्सने हे बटण २०१२ मध्ये आणलं, क्रोमने २०१३ मध्ये. क्रोमच्या रीसेटने होमपेज, सर्च इंजिन आणि साइट्सच्या परवानग्या मूळपदावर येतात, कुकीज जातात, म्हणजे सगळीकडे पुन्हा लॉग-इन करावं लागतं. एक्स्टेन्शन्स बंद होतात, पण पुसली जात नाहीत. बुकमार्क, हिस्टरी आणि साठवलेले पासवर्ड शाबूत राहतात. फायरफॉक्सचं ‘रिफ्रेश’ उलट वागतं : एक्स्टेन्शन्स काढून टाकतं, कुकीज ठेवतं आणि जुन्या माहितीचं फोल्डर डेस्कटॉपवर काढून देतं. ही सावधगिरी मला जास्त आवडते.

पण एका जागेपर्यंत रीसेटचा हात पोचत नाही. क्रोमच्या तीन ठिपक्यांच्या मेन्यूत तळाशी ‘मॅनेज्ड बाय युअर ऑर्गनायझेशन’ असं दिसतं का? ऑफिसचा लॅपटॉप असेल तर ठीकच आहे. काही अँटीव्हायरसही ही सोय वापरतात. घरच्या संगणकावर ते विनाकारण दिसलं तर विंडोजच्या पातळीवर कोणी तरी ब्राउझरला हुकूम लिहून ठेवला आहे. पत्त्याच्या जागी इंग्रजीत ‘क्रोम’, मग कोलन, दोन तिरप्या रेघा आणि ‘पॉलिसी’ असं टाइप केलं की हुकमांची यादी दिसते. ती ब्राउझरमधून खोडता येत नाही. आधी तो हुकूम लिहिणारा प्रोग्राम विंडोजमधून काढावा लागतो, मग विंडोजच्या सिक्युरिटीचा पूर्ण स्कॅन. त्यानेही भागलं नाही तर रजिस्ट्री जाणणाऱ्याला बसवावं. क्रोममध्ये पूर्वी यासाठी एक सफाईचं साधन होतं, ते गूगलने मार्च २०२३ मध्ये काढून टाकलं. आपल्याकडे केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावर मोफत साधनं मिळतात.

राहिला एक प्रकार, ज्यात यातलं काहीच पुरत नाही. २०२४ पासून पसरलेल्या या युक्तीत पान सांगतं, ‘रोबो नाही हे सिद्ध करा : विंडोजचं बटण आणि आर दाबा, मग कंट्रोल-व्ही, मग एंटर’. पानाने तुमच्या क्लिपबोर्डवर आधीच एक आज्ञा ठेवलेली असते आणि ती तुम्ही स्वतःच्या हाताने विंडोजला देता. इथे ब्राउझरची सेटिंग्ज जशीच्या तशी असतात. जातात ते साठवलेले पासवर्ड आणि कुकीज. कुकी गेली की पासवर्ड न विचारताच चोर आत शिरतो, हे मागच्या लेखांकात पाहिलं. त्यामुळे असं झालं असेल तर त्या संगणकाचं इंटरनेट तोडा, दुसऱ्या उपकरणावरून मेल आणि बँकेचे पासवर्ड बदला, ‘सगळीकडून साइन आउट’ करा आणि पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन लावा. आणि हो, इथे मात्र दुकानदाराचा ‘फॉरमॅट मारा’ हा सल्ला बरोबर आहे. पासवर्ड ब्राउझरमध्ये ठेवावेत की नाही, ते पुढच्या आठवड्यात.