मत देण्याआधी (लेखांक ५) : शपथपत्र वाचणारी माणसं

मागच्या आठवड्यात आपण मतदार यादी पाहिली. यादीत नाव आहे, असं आता धरून चालू. मत कोणाला द्यायचं हे ठरवायला हाताशी काय असतं? दारात पडलेली पत्रकं, भोंग्यावरची गाणी आणि फार थोडे लोक उघडतात असा एक दस्तऐवज: उमेदवाराचं शपथपत्र.

तो सहजासहजी मिळालेला नाही. अहमदाबादच्या आयआयएममधल्या काही प्राध्यापकांनी १९९९ मध्ये ‘असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स’ ही संस्था काढून न्यायालयाचं दार ठोठावलं. उमेदवाराची माहिती मिळणं हा मतदाराचा हक्क आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २ मे २००२ रोजी दिला. संसदेने कायद्यात बदल करून त्याला बगल दिली, तेव्हा १३ मार्च २००३ रोजी न्यायालयाने ती तरतूदही रद्द केली. आज लोकसभा-विधानसभेच्या प्रत्येक उमेदवाराला नमुना २६ मध्ये मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि गुन्हे जाहीर करावे लागतात.

पण ती पानं वाचायची कोणी? इथे गावातले, वॉर्डातले स्वयंसेवक कामाला येतात. निवृत्त शिक्षक, एखादी वकील, बँकेतून निवृत्त झालेले कोणी, कॉलेजची दोन-तीन मुलं. अर्ज मागे घेण्याची मुदत संपली की मतदानाला जेमतेम दोन आठवडे उरतात. तेवढ्यात प्रत्येक उमेदवाराचं एका पानावर मावेल असं टिपण करायचं, तेही मतपत्रिकेच्या क्रमाने आणि सगळ्यांना सारखीच जागा देऊन.

सगळ्यात जोखमीचा रकाना गुन्ह्यांचा. तिथे नुसते कलमांचे आकडे असतात. ‘१८८’ म्हणजे सरकारी आदेश मोडल्याचा गुन्हा. पाण्यासाठी मोर्चा काढणाऱ्यावरही तो लागलेला असू शकतो. ‘३०७’ म्हणजे खुनाचा प्रयत्न. दोन्हींची बेरीज करून ‘दोन गुन्हे’ एवढंच छापलं, तर मतदाराची फसवणूकच होते. त्यात १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. जुनं ३०७ तिथे १०९ झालं आणि जुन्या संहितेतलं १०९ होतं गुन्ह्याला चिथावणी देण्याचं. म्हणून जाणता गट कलमाशेजारी कायद्याचं नाव, साध्या मराठीत अर्थ आणि आरोप निश्चित झालेत का, हे तिन्ही लिहितो. खटला चालू असणं म्हणजे दोषी ठरणं नव्हे, हेही ठळक अक्षरात.

दुसरी नजर कोऱ्या रकान्यांवर. सांगण्यासारखं काही नसेल तर ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ असं लिहावंच लागतं. रकाना कोरा सोडता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१३ मध्ये स्पष्ट केलं. जुना उमेदवार असेल तर त्याचं मागच्या निवडणुकीचं शपथपत्र शेजारी ठेवतात. मालमत्ता वाढलेली दिसली की ती नव्या खरेदीने वाढली की त्याच जमिनीचा भाव चढल्याने, तेही तपासतात. नमुन्यात खरेदीची किंमत आणि आजचा बाजारभाव दोन्ही असतात.

एक पथ्य मात्र कडक हवं. कोणाला मत द्या, हे गटाने सांगायचं नाही. एखाद्या पक्षाचा पदाधिकारी या टेबलाशी बसला, तर त्या पानावर कोणी विश्वास ठेवणार नाही आणि तो ठेवूही नये.

तुमच्या भागात असा गट नसेल, तर चार-पाच जण जमा. शपथपत्रं निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या फलकावर लागतात, निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावरही मिळतात. पहिल्या संध्याकाळी एकच घ्या आणि शेवटच्या पानापर्यंत मोठ्याने वाचा.